बर्फाचा डबा आणि मूत्रपिंडाचा हिशेब

गेले काही दिवस कोल्हापुरात एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: दात्याचे मूत्रपिंड बर्फाच्या डब्यात दोन दिवस सहज टिकते; ते यंत्रावर ठेवण्याची चैन श्रीमंत देशांना शोभते; तोच पैसा आपण गरीब रुग्णांच्या डायलिसिसला द्यावा. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल, पण हिशेब चुकलेला आहे.

आधी बर्फाचे पाहू. मूत्रपिंड नुसते बर्फात ठेवत नाहीत. त्याच्या धमनीतून थंड परिरक्षक द्रावण सोडून आतले रक्त धुऊन काढतात आणि मग ते त्याच द्रावणासह एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्यांत बांधून बर्फाच्या चुऱ्यात ठेवतात, कारण ते थेट बर्फाला टेकले तर पेशी गोठून निकामी होतात. अशी द्रावणे अनेक वर्षांच्या संशोधनातून आली आहेत. त्यांतले प्रसिद्ध द्रावण बेल्झर आणि साउथर्ड यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सिद्ध केले. म्हणजे स्वस्तातला बर्फ म्हणून ज्याचे कौतुक चालले आहे, त्यात बर्फाचा खर्च सर्वांत कमी आहे.

राहिला ‘टिकते’ हा शब्द. चार अंशांच्या आसपास पेशींचे काम साधारण दहाव्या हिश्शावर येते, थांबत नाही. त्यामुळे दर तासाला नुकसान साठत जाते आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत प्रत्यारोपण उरकण्याचा प्रयत्न असतो. आपल्याकडच्या दूध उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. बल्क कूलरमधले दूधही चार अंशांवरच ठेवतात, पण म्हणून ते संकलन केंद्रावर दोन दिवस राहू द्यावे असे कोणी म्हणत नाही. आणि कूलर महाग की स्वस्त हे त्याच्या किमतीवरून न ठरवता न नासता पोचलेल्या लिटरांवरून ठरवतात.

यंत्राचा हिशेबही तसाच, चालू लागलेल्या मूत्रपिंडामागे मांडायला हवा. हे यंत्र थंड द्रावण मूत्रपिंडातून सतत खेळते ठेवते. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीत झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३३६ दात्यांचे एक मूत्रपिंड यंत्रावर आणि दुसरे बर्फात ठेवले होते. दाता एकच असल्यामुळे ही तुलना फार स्वच्छ आहे. प्रत्यारोपणानंतर पहिल्या आठवड्यातच पुन्हा डायलिसिस लागण्याचे प्रमाण बर्फातल्या मूत्रपिंडांत २६.५ टक्के, तर यंत्रावरच्यांत २०.८ टक्के निघाले. वर्षअखेर चालू असलेली मूत्रपिंडे अनुक्रमे ९० आणि ९४ टक्के होती. पुढे याच चाचणीच्या आधारे केलेल्या आर्थिक अभ्यासात यंत्राचा खर्च धरूनही एकूण खर्च कमीच आला, कारण रुग्णालयातले वाढीव दिवस आणि पुन्हा सुरू होणारे डायलिसिस वाचले. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान ब्रिटिश चाचणीत, हृदयक्रिया थांबल्यानंतर काढलेल्या मूत्रपिंडांना यंत्राचा असा फायदा दिसला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

डायलिसिसचा मुद्दा सर्वांत भावनिक आहे आणि सर्वांत कच्चाही. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा. उपचार सरकारी योजनेतून मोफत झाला तरी चंदगडहून कोल्हापूरला येणाऱ्या रुग्णाचे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर मोफत होत नाही, आणि सोबत येणाऱ्या मुलाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो तो कोणत्याच खात्यात दिसत नाही. प्रत्यारोपणानंतर औषधे जन्मभर घ्यावी लागतात हे खरे, पण हा १५६ दिवसांचा फेरा सुटतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. मूत्रपिंड जपण्यात हयगय होऊन ते बंद पडले, तर ती सगळी रक्कम वाया जाते आणि रुग्ण पुन्हा त्याच डायलिसिसच्या खाटेवर येतो.

तरीही कोल्हापुरात लगेच यंत्र घ्यावे, असे मी म्हणणार नाही. आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगांकडून येतात; तिथे दाता आणि रुग्ण शेजारच्या शस्त्रक्रियागृहांत असतात आणि बर्फ पुरेसा ठरतो. मेंदूमृत दात्याच्या बाबतीतही पुणे ते कोल्हापूर हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर रस्ता मोकळा करून दिला तर चार तासांच्या आसपास कापता येते. बहुतेक वेळ जातो तो रक्तगट आणि ऊती जुळवण्यात आणि रुग्णाला गावाहून बोलावण्यात. म्हणून इथे पहिला पैसा रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या प्रत्यारोपण समन्वयकावर आणि चांगल्या द्रावणाच्या साठ्यावर लागावा. यंत्र पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत अनेक रुग्णालयांत मिळून ठेवावे आणि ते वयस्कर दात्याच्या मूत्रपिंडासाठी किंवा उशीर अटळ असेल तेव्हा बाहेर काढावे.