नंबर कमी देऊन नंबर थांबत नाही

मुलांच्या वाढत्या मायनस नंबरावरच्या (लांबचं धूसर दिसणं) एका लेखात चष्मा ‘थोडा कमी नंबरचा’ द्यावा म्हणजे डोळा आळशी होणार नाही, असं सुचवलंय. हे चुकीचं आहे. मलेशियात 2002 साली मुद्दाम पाऊण नंबर कमी देऊन पाहिलं, तर दोन वर्षांत त्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. चष्मा पूर्ण नंबरचाच हवा. मात्र तो नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच काढलेला हवा, नाहीतर मूल डोळ्याला ताण देऊन बघतं आणि मायनस नंबर खराहून जास्त निघतो. थेंबांनंतर जवळचं काही तास, कधी दिवसभर धूसर दिसतं, म्हणून तपासणी परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

अ‍ॅट्रोपिनबद्दल (मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करणारं, डोळ्यात घालायचं औषध) लेख एका ओळीत आटोपलाय. 0.01 टक्क्याचा थेंब सहज मिळतो, पण 0.05 जास्त परिणामकारक. तो झेपतो का, हे डॉक्टर ठरवतात. रात्री झोपताना एक थेंब, मग डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. एकदम बंद केला तर नंबर उसळू शकतो. दर सहा महिन्यांनी नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजून घ्या, खरी वाढ तिथे कळते.

आणि रोज दोन तास उघड्यावर. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर झाडाच्या सावलीतही वर्गापेक्षा कितीतरी पट उजेड असतो, त्यामुळे मे महिन्यात पोरांना भर उन्हात उभं करायची गरज नाही. याचा फायदा चष्मा लागण्याआधी जास्त, लागल्यावर कमी. बाकी गाजरं खुशाल खा, नंबराशी त्यांचा संबंध नाही.