एका खोलीत बसवलं की टीम होते म्हणे!

परत तो फॉरवर्ड फिरतोय. वेगवेगळ्या विषयांतली हुशार माणसं एका खोलीत बसवा, ध्येय एक द्या, वर एक खमका बॉस द्या, कोलॅबोरेशन आपोआप होतं, आणि मीटिंगच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं वही घेऊन बसणारे एथनोग्राफीवाले (लोकांसोबत राहून त्यांचं काम जवळून बघणारे अभ्यासक) म्हणजे नुसती उधळपट्टी, गूगल फॉर्म पाठवला की तेच कळतं.

आधी खोलीचं बघू. २००४ च्या जानेवारीत नासाचे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे दोन रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या रोबो-गाड्या, मंगळावर उतरले तेव्हा सुरुवातीचे काही महिने टीम कॅलिफोर्नियात पासाडेनाला एकत्र होती, मग शास्त्रज्ञ आपापल्या युनिव्हर्सिटीत परत गेले आणि पुढचं सगळं फोनवर, ऑपॉर्च्युनिटी तर २०१८ पर्यंत चालला. कुठली खोली?

आता खमका बॉस. जॅनेट व्हर्टेसी ही समाजशास्त्रज्ञ याच टीमच्या मीटिंगांना बसायची. शास्त्रज्ञांना दगडाजवळ जायचं असतं, इंजिनियरांना बॅटरी आणि चाकांची काळजी, तर तिथे हुकूम सुटत नव्हता, प्लॅन पक्का करताना एकेका गटाला विचारायचे की तुम्ही खूश आहात ना, आणि कोणी नाही म्हटलं की परत चर्चा. आपल्याकडे असं विचारलं तर सगळे हो म्हणून बाहेर येऊन बोंब मारतील, ते सोडा 😄

ध्येय एक म्हणाल तर स्पिरिटचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये बंद पडलं. इंजिनियरांना डोकेदुखी, गाडी उलटी चालवायला लागली, पण तेच अडकलेलं चाक फरफटत गेलं तिथली माती उकरली गेली आणि २००७ मध्ये तिच्यात भरपूर सिलिका सापडली, म्हणजे पूर्वी तिथे पाणी असल्याचा पुरावा, शास्त्रज्ञ खूश. चाक एकच, दोघांना त्यातून हवं ते वेगळं, तरी काम अडलं नाही.

राहिला गूगल फॉर्म. झेरॉक्स कंपनीचे टेक्निशियन कॉपी काढायचं मशीन कसं दुरुस्त करतात हे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यासोबत फिरून पाहिलं. मॅन्युअल होतंच, पण अवघड बिघाड सुटायचे ते जेवताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून. आता फॉर्मवर "तुम्ही मॅन्युअल वापरता का" विचारलं असतं तर काय कळलं असतं? किश्श्यांचा प्रश्न फॉर्मवर आलाच नसता, कारण विचारणाऱ्यालाच त्यांचा पत्ता नाही.

हां, एथनोग्राफीला वेळ लागतो आणि एका टीमवरून टक्केवारी निघत नाही, ते खरंय. टक्केवारी हवी असेल तर खुशाल फॉर्म काढा, पण त्यात काय विचारायचं ते आधी कोणीतरी जाऊन बघून या.