हेडलाईटचा नॉब 3 वर ठेवला की लाईट वाढतो म्हणे!

तो मेसेज परत फिरतोय, यावेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. रात्रीच्या ड्रायव्हिंगच्या चार टिप्स: डॅशबोर्डवरचा 0 ते 3 आकड्यांचा नॉब 3 वर ठेवा म्हणजे फुल पॉवर, हेडलाईटचा अॅडजस्टमेंट स्क्रू फिरवून फोकस वर घ्या, हॅलोजन काढून एलईडी टाका, धुक्यात अप्पर (लांबचा झोत) मारा. चारपैकी एक तरी बरोबर असावी ना राव.

नॉबचं आधी. तो आकडा पॉवरचा नाहीच, फोकस किती खाली आणायचा त्याचा आहे, 0 म्हणजे सगळ्यात वर. मागे तीन माणसं आणि डिकीत गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं असलं की गाडीचं नाक उचलतं आणि लाईट समोरच्याच्या डोळ्यात, तेव्हा 2 किंवा 3 करायचं. एकटेच असताना 3 ठेवलात तर बंपरपुढे लख्ख आणि पुढे काळोख.

स्क्रूचं साधं गणित बघा. हेडलाईट जमिनीपासून साधारण 65 सेंमी, डिप्परचा (जवळच्या झोताचा) उतार बऱ्याच गाड्यांना 1 टक्का, म्हणजे 10 मीटरवर 10 सेंमी खाली, म्हणजे तो 65 मीटरवर रस्त्याला टेकतो. तोच झोत खाली 1 टक्क्याऐवजी सरळ रेषेच्या वर 1 टक्का केलात की 50 मीटरवर उजेड 115 सेंमीवर, बरोबर समोरच्या छोट्या गाडीवाल्याच्या डोळ्यात, आणि त्याला काही दिसेनासं झालं की तो येणार कुठे, तुमच्याच अंगावर. सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून, टायरमधली हवा बघून, ड्रायव्हर सीटवर कोणाला तरी बसवून हे टेपने मोजता येतं.

एलईडी. एच4 बल्बमध्ये (अप्पर-डिप्पर दोन्ही एकातच असलेला हॅलोजन) डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, वर जाणारा उजेड तीच अडवते. रिफ्लेक्टर (बल्बमागचा चकचकीत आरसा) त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला, एलईडीची चिप त्याच जागी नेमकी बसली नाही की उजेड कुठेही उधळतो. कंपनीतूनच एलईडी आलेल्या गाड्यांचं वेगळं, तिथे अख्खा लॅम्पच तसा बनवलेला असतो.

धुक्यात अप्पर मारून बघायचाय तर पावसाळ्यात आंबोलीला जा, समोर पांढरी भिंत दिसेल फक्त.

आणि हो, स्क्रू मीही पिळला होता एकदा, उजेड कमी पडतो म्हणून, मग घाटात प्रत्येक ट्रकवाला मलाच अप्पर-डिप्पर देत होता. शेवटी कळलं की हेडलाईटची काचच पिवळी पडलेली, ती पॉलिश करून घेतली आणि स्क्रू गुपचूप होता तिथे आणला.