सूट सरकारची, शिव्या आमच्या

पंचवीस टक्के! हा आकडा ज्याने कुणी अर्धवट सांगून अख्ख्या महाराष्ट्रात पसरवला, त्याने एक रविवार आमच्या शोरूमच्या काउंटरवर उभं राहून दाखवावं. संपूर्ण दिवस नको, दुपारपर्यंत पुरे.

कुटुंबच्या कुटुंब येतं. वडील, आई, मुलगा, सून. मुलाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज: जुनी गाडी भंगारात द्या, नव्या गाडीवर २५ टक्के सरकारी सूट मिळवा. आठ लाखांच्या गाडीतून त्यांनी घरीच दोन लाख वजा केलेले असतात. सहा लाखांचा हिशेब जमवून, सोनं मोडायचं की पीएफ काढायचा हे ठरवून ती माणसं आलेली असतात. आणि त्यांना तोंडावर सांगायचं काम कुणाचं? माझं. ज्याने मेसेज पाठवला त्याचं नाही, ज्याने भाषण ठोकलं त्याचंही नाही.

म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. १३ ऑगस्ट २०२१ ला गुजरातमधल्या गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधानांनी वाहन मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं. त्यातले २५ टक्के हे गाडीच्या किमतीवर नव्हतेच कधी. ते रोड टॅक्सवर होते. तेही ‘२५ टक्क्यांपर्यंत’, म्हणजे कमाल मर्यादा. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून ती चौकट लागू केली, पण रोड टॅक्स हा राज्याचा विषय, त्यामुळे प्रत्यक्षात किती सोडायचे ते राज्य ठरवणार. आपल्या महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळात १५ टक्के मंजूर केले. आता आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्क्यांनी टॅक्स होतो ८८ हजार. त्याचे १५ टक्के म्हणजे १३ हजार २००. नोंदणी शुल्क माफ, ते सहाशे रुपये. दोन लाख समजून आलेल्या माणसाला मी १३ हजार ८०० सांगतो. त्याचा चेहरा बघवत नाही. आणि मग तो म्हणतो, “बाकीचे तुम्ही खाता.”

आम्ही खातो!

आमच्या धंद्यात खाणारे आहेत, हे मी नाकारत नाही. हँडलिंग चार्जच्या नावाखाली पावतीत घुसवलेले पैसे, जबरदस्तीचा विमा, गळ्यात मारलेल्या अ‍ॅक्सेसरीज, सगळं पाहिलंय आणि त्याची मला चीड आहे. पण या भंगार-सवलतीत डीलरला खायला आहे काय? टॅक्स ‘वाहन’ पोर्टलवर भरला जातो, थेट सरकारच्या खात्यात. पोर्टलने सूट धरली तर धरली. मी मध्ये हात घालून एक रुपया काढू शकत नाही आणि एक रुपया वाढवूही शकत नाही.

दुसरी सूट कंपनीची. केंद्राने कंपन्यांना आधी नुसता सल्ला दिला की ५ टक्के सवलत द्या. सल्ला! सल्ल्यावर कोण पैसे सोडतं? तीन वर्षं त्यातून काही ठोस निघालं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गडकरींसोबत बैठक झाली, तेव्हा कार कंपन्या दीड टक्का किंवा २० हजार, यातलं जे कमी असेल ते द्यायला तयार झाल्या. तेही एका वर्षापुरतं, आणि गाडी गेल्या सहा महिन्यांत मोडलेली असली तरच. आठ लाखांचा दीड टक्का म्हणजे १२ हजार. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळे काय? नवी गाडी स्वस्त होणार! आमचे फोन वाजायचे थांबेनात. दीड टक्का हा शब्द बातमीच्या शेवटच्या ओळीत आणि सहा महिन्यांची अट तर कुठेच नाही.

त्यात आणखी एक मेख आहे, ती ग्राहकाला कुणीच सांगत नाही. भंगाराची सूट घेतली की एक्स्चेंज बोनस मिळत नाही. दोन्हींतली एकच. चालू स्थितीतली जुनी गाडी एक्स्चेंजला दिली तर बाजारभाव मिळतो, वर बोनस मिळतो. तीच गाडी मोडीत दिली तर लोखंडाच्या वजनाचे पैसे. मग कोणता शहाणा माणूस चालती गाडी कटिंगला देईल? नाही देत कुणी. ती गाडी आम्ही एक्स्चेंजमध्ये घेतो, दलाल उचलतो आणि ती पुढे कुठल्या तरी तालुक्याच्या गावात अजून आठ-दहा वर्षं धूर ओकत फिरते. धोरण ज्या गाड्या रस्त्यावरून काढायला आणलं, त्याच गाड्या त्याच धोरणाच्या हिशेबामुळे रस्त्यावर राहतात. हे दिल्लीत बसलेल्या कुणाला दिसत नाही का? आम्ही काउंटरवर बसून कागदाच्या मागच्या बाजूला आकडेमोड करतो, तेवढ्यात दिसतं!

बरं, समजा एखाद्याची गाडी खरंच संपलेली आहे आणि तो नियमाने जायला तयार आहे. त्याची परीक्षा आता सुरू होते. गल्लीतला भंगारवाला दारात येऊन रोख मोजतो आणि गाडी ओढून नेतो. पण त्याच्याकडून ठेव प्रमाणपत्र, म्हणजे ज्यावर सूट मिळते तो गाडी मोडीत दिल्याचा दाखला, मिळत नाही, आरसी रद्द होत नाही, उद्या त्या नंबरप्लेटचं काय होईल ते देव जाणे. प्रमाणपत्र हवं तर नोंदणीकृत मोडकेंद्रातच जायला हवं. ते केंद्र दोन जिल्हे ओलांडून. बंद पडलेली गाडी तिथवर न्यायचं क्रेनभाडं कोण देणार? तिथे पोचल्यावर पोर्टलवर जुन्या कर्जाचा बोजा दिसतो. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण बोजा उतरवलेला नाही. ज्या पतसंस्थेचं कर्ज होतं ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. एनओसी कोण देणार? कुठे जुनं चलन लटकतंय, कुठे पर्यावरण कर थकलाय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आरसी वारलेल्या वडिलांच्या नावावर. मग आधी वारसाच्या नावावर गाडी करा, सगळ्या भावंडांच्या सह्या आणा, आरटीओत हेलपाटे घाला आणि मग ती मोडा. मोडायच्या गाडीसाठी नावबदलाचा खर्च! आईबरोबर आलेला मुलगा माझ्यासमोर फाइल उघडून विचारतो, “साहेब, काही मार्ग नाही का?” काय सांगू त्याला? मी आरटीओ नाही, मी मंत्री नाही, मी गाड्या विकतो.

आणि मुहूर्त! दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. ग्राहकाला गाडी त्या दिवशी सकाळी दारात हवी. त्यात चूक काय? आयुष्यातली पहिली गाडी आहे, हवीच. पण ठेव प्रमाणपत्र अजून आलेलं नाही, किंवा केंद्राने दिलंय आणि पोर्टलवर उमटत नाही. टॅक्स भरल्याशिवाय नंबर नाही, नंबराशिवाय गाडी बाहेर नाही. आम्ही समजावतो की चार दिवस थांबा, सूट लागू दे. तो म्हणतो मुहूर्त चुकेल. मग पूर्ण टॅक्स भरून पासिंग करतो, त्याच्या सहीनिशी. पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्र घेऊन तोच माणूस दारात, “माझे तेरा हजार परत द्या.” एकदा भरलेला टॅक्स आम्ही कुठून परत आणायचा? सही दाखवली की म्हणतो, “तुम्ही फसवून सही घेतली.” शेवटी चार लोकांत तमाशा नको म्हणून सेल्सच्या पोराच्या इन्सेंटिव्हमधून किंवा डीलरच्या खिशातून मॅट किंवा फ्री सर्व्हिस देऊन मिटवायचं. चूक पोर्टलची, भुर्दंड आमच्या सेल्सच्या पोराला. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या त्या पोरांना असं बोलणी खाताना पाहिलं की माझं रक्त उकळतं.

कंपनीच्या सवलतीचं तर आणखी भीषण. ग्राहकाला बिलातच सूट द्यायची, म्हणजे पैसे आधी आम्ही घालायचे. मग क्लेम टाकायचा. जुनी आरसी, ठेव प्रमाणपत्र, नवी आरसी, आधार, बिल, सगळं स्कॅन करून ठरलेल्या मुदतीत. नाव सारखं हवं किंवा रक्ताचं नातं हवं. जुन्या आरसीवर ‘एस. आर.’ आणि आधारवर पूर्ण नाव, म्हणून क्लेम नामंजूर! सासऱ्याची गाडी मोडली, जावयाने घेतली, नामंजूर! योजनेचं परिपत्रक महिन्याच्या पाच-सात तारखेला येतं आणि एक तारखेपासून लागू असतं. मधल्या दिवसांत विकलेल्या गाडीचा आकडा आम्ही काय पंचांगात बघून टाकायचा? मंजूर झालेले पैसे क्रेडिट नोट होऊन, म्हणजे कंपनीकडच्या आमच्या खात्यात जमा होऊन, यायला महिनेच्या महिने लागतात. इकडे गोदामात उभी असलेली प्रत्येक गाडी बँकेच्या पैशांवर उभी आहे, तिचं व्याज रोज चालू. सरकारची घोषणा, कंपनीची जाहिरात आणि त्या दोघांसाठी खेळतं भांडवल कुणाचं, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या डीलरचं.

अमेरिकेत २००९ साली अशीच योजना आली होती, ‘कॅश फॉर क्लंकर्स’ म्हणून ओळखली गेलेली. डीलरांचे हाल तिथेही झाले. साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलरची सूट त्यांनी आधी द्यायची, जुन्या गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचं निकामी करायचं आणि मग सरकारकडे पैसे मागायचे. वेबसाइट तुंबली, कागद परत येऊ लागले, गाडी तर मारून झालेली. न्यूयॉर्क भागातल्या कित्येक डीलरांनी पैसे अडकल्यावर मुदत संपायच्या आधीच हात वर केले. त्यांची ती घालमेल मला आज आतून कळते. पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. तिथे सरकारने स्वतःच्या तिजोरीतून पैसा काढला होता. पहिले १ अब्ज डॉलर आठवड्याभरात संपत आले, तर संसदेने आणखी २ अब्ज दिले. २४ ऑगस्टला योजना बंद होईपर्यंत पावणेसात लाखांच्या वर गाड्या बदलल्या गेल्या. रक्कम ठरलेली होती, अट छापलेली होती, ग्राहकाला घरबसल्या कळत होतं की मला किती मिळणार. आपल्याकडे केंद्र राज्याच्या टॅक्सवर उदार होतं, कंपनीला सल्ला देतं आणि श्रेय स्वतः घेतं.

वरून भीती वेगळीच. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल द्यायचं नाही असा फतवा निघाला आणि दोन-तीन दिवसांत गुंडाळावा लागला. पण तेवढ्यात इथे, महाराष्ट्रात, दहा वर्षांची उत्तम डिझेल गाडी असलेली माणसं घाबरून आमच्याकडे यायला लागली. अहो, डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा तो नियम दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासून, पर्यावरण कर भरून, नोंदणी पुढे वाढवता येते. फी मात्र सहाशेवरून पाच हजार केलीय आणि वीस वर्षांपुढे दहा हजार. हे मी समजावून सांगितलं तर आमचाच एरिया मॅनेजर म्हणतो, “ग्राहक स्वतःहून आलाय, त्याला परत का पाठवता? टार्गेट कोण भरणार?” घाबरलेल्या निवृत्त मास्तरांना कर्ज काढून गाडी विकायची आणि टार्गेट भरायचं! मी नाही करणार. वर्षभर त्यावरून बोलणी खाल्ली तरी नाही करणार.

त्यात जुन्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची, पाटी सक्तीची. तिची मुदत मार्च २०२५ पासून पुढे पुढे सरकत राहिली. मोडायला काढलेल्या गाडीला पैसे देऊन नवी पाटी लावायची की नाही, हे रोज कुणीतरी आम्हाला विचारतं.

मला ग्राहकांचा राग नाही. फसवणूक त्यांचीही झालीय. माझा राग त्या माणसांवर आहे, जी माइकसमोर टक्के बोलतात आणि रुपये बोलत नाहीत. एवढं करा. प्रत्येक आरटीओच्या दारावर आणि प्रत्येक शोरूममध्ये सरकारी शिक्क्याचा मराठी तक्ता लावा: अमुक किमतीच्या गाडीवर टॅक्समध्ये इतके रुपये सूट, कंपनीकडून इतके, एक्स्चेंज घेतलं तर इतके नाहीत. जिल्ह्याला एक तरी मोडकेंद्र द्या आणि गाडी ओढून न्यायचा खर्च त्या केंद्राने करावा. प्रमाणपत्र उशिरा आलं तर जादा भरलेला टॅक्स थेट मालकाच्या बँक खात्यात परत करा, गॅसचं अनुदान जातं तसा. मयताच्या नावावरची गाडी मोडायला वारसाचं साधं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरा. आणि कंपन्यांना सांगा, डीलरने आगाऊ दिलेली सूट तीस दिवसांत परत केली नाही तर त्यावर बँकेच्या दराने व्याज द्यायचं. हे जमत नसेल तर पुढच्या दसऱ्याच्या आधी नवी घोषणा करू नका.