कैलासला निघालात? नियम बाकीच्या गटासाठी असतात

कैलास-मानसरोवरला जायचं ठरलं ना? मग पहिलं काम फ्लेक्सचं. पासपोर्ट हातात यायच्या आधी चौकात तुमचा हात जोडलेला फोटो लागलाच पाहिजे. नियमांची पत्रकं वाचत बसायचं काम संयोजकाचं. एवढे पैसे मोजलेत ते कशाला?

सरकारी यात्रेच्या नादी लागू नका. परराष्ट्र मंत्रालयाने ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली खरी. पण त्या वर्षी लिपुलेख खिंडीवरून ५ आणि नाथू ला खिंडीवरून १० तुकड्या, तुकडीत ५० माणसं, आणि तीही संगणकाच्या सोडतीने. वय १८ ते ७० आणि बीएमआय २५ च्या आत! पाच फूट पाच इंचाच्या माणसाने ६८ किलोत बसायचं. आपल्या बेळगावचा दुधाचा कुंदा खाऊन हे जमतं होय? दिल्लीत तपासणी झाली तरी लिपुलेखच्या वाटेवरच्या गुंजीला परत तपासतात आणि तिथूनही माघारी धाडतात. वर, तिकडे मरण आलं तर अग्नी चीनच्या हद्दीतच देण्यास संमती, असल्या अभद्र कागदावर सही. त्यापेक्षा काठमांडूवाटे खासगी गट बरा. तिथं वजन कुणी विचारत नाही. ते परिक्रमेतली ५,६३० मीटरवरची डोलमा खिंड विचारते.

काठमांडूच्या विमानाला आधार कार्ड घेऊन जा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी, स्वेटरखाली ठेवा. काउंटरवरची मुलगी आधार चालत नाही म्हणाली, की मागच्या रांगेला थांबवून बॅग तिथंच उपसा.

तिबेटचं परमिट आधी ल्हासाहून निघतं, तेही पासपोर्टच्या प्रतीवरून. प्रत पाठवून झाली की पासपोर्ट नूतनीकरणाला टाका; नंबर बदलला की परमिट तुमचं राहत नाही. नावाचंही तसंच. पासपोर्टवर 'विठ्ठल' इंग्रजीत एका तऱ्हेने आणि संयोजकाला पाठवलेल्या व्हॉट्सअॅपवर दुसऱ्या तऱ्हेने लिहा. एक अक्षर इकडंतिकडं झालं म्हणून काय बिघडतं, हे नेपाळ-तिबेट सीमेवरच्या केरुंग नाक्याच्या खिडकीवरचा अधिकारी सविस्तर दाखवतो.

खरी मजा समूह व्हिसात आहे. काठमांडूत सगळ्यांचे मूळ पासपोर्ट जमा होतात आणि व्हिसा म्हणून येतो नावांची यादी असलेला कागद. त्या यादीच्या क्रमानेच नाक्यावर उभं राहायचं असतं. तुम्ही नऊ नंबर असाल तर दोन नंबरवरच्या भावजींशी गप्पा मारायला पुढे जा. आत सगळे एकत्र, बाहेर सगळे एकत्र, असा तो हिशेब असल्यामुळे तुमच्या एकट्याच्या हौसेला अख्ख्या गटाचं बळ मिळतं. अशी सोय गावच्या सोसायटीतही नाही.

बॅग भरताना हात आखडता घेऊ नका. चिनी कस्टमच्या मनाईच्या यादीत दूध-लोणी आणि त्यांचे पदार्थ आहेत, ताजी फळं, बियाणं, मातीही आहे. तेव्हा कुंद्याचा डबा, निरांजनासाठी गावरान तूप आणि शेतातली मूठभर माती घ्याच. ड्रोनही घ्या. भजनी मंडळासाठी माईक आणि बॅनर हवाच. परदेशी माणसाने जाहीर धार्मिक कार्यक्रम परवानगीशिवाय करायचा नसतो, हे त्यांचं म्हणणं झालं.

मोबाईलमधले फोटो मुळीच पुसू नका. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत सहल गेली होती, तेव्हा दलाई लामांच्या तसबिरीशेजारी काढलेला सेल्फी असेलच. तो डीपीला लावा. नाक्यावर फोन उघडून बघतात, शोधायला त्रास नको. तुम्हाला फार तर परत पाठवतील. गाईडचा परवाना जाईल, पण तो काय आपल्या गावचा नाही. बँकेची डायरीही असू द्या, जिच्या पहिल्या पानांत भारताचा नकाशा असतो. नकाशात बेळगाव कुठल्या राज्यात, यावर आपण १९५६ पासून भांडतोय. तिथल्या तपासनिसाला त्यात काडीचा रस नाही. तो अरुणाचल आणि अक्साई चीनचा रंग बघतो आणि डायरी ठेवून घेतो.

केरुंगला दोन रात्री काढायला सांगतील. ती उंची साधारण २,८०० मीटर. पुढचं मुक्कामाचं गाव सागा ४,५०० च्या घरात. मधला दिवस शरीर रुळायला असतो, पण तुम्ही 'पैसे उकळतात' म्हणून आवाज चढवा आणि तो रद्द करायला लावा. सागाला डोकं ठणकायला लागेल, उलटी होईल. गाईडला कळू देऊ नका, ॲसिडिटी म्हणा. ऑक्सिमीटरमध्ये शेजारच्या वैनींचं बोट घाला. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना न विचारता घ्या, सल्फाची ॲलर्जी आहे की नाही हे वर गेल्यावर समजेलच. मानसरोवराच्या काठी बादलीने अंगावर पाणी घ्या म्हणतील, तेव्हा थेट आत उतरा. पंढरपुरात चंद्रभागेत उतरताना कुणी अडवतं का?

कैलासाच्या ५२ किलोमीटरच्या परिक्रमेत डेरापुकच्या मुक्कामी कोसळलात, तर एकट्याला खाली न्यायचं आणि देशाबाहेर काढायचं म्हणजे यादीतून नाव फोडायची वेगळी परवानगी. त्यासाठी गाईड कचेऱ्या फिरतो आणि बाकीच्यांचा कार्यक्रम कोलमडतो. तेवढ्या वेळात त्याला सांगत राहा, की आमदार तुमच्या ओळखीचे आहेत. व्हॉट्सअॅप तिथं चालत नाही, त्यामुळे आमदारांना फोटो पाठवायचा राहील, तेवढंच.

आणि घरी आलात की कर्नाटक सरकारच्या मुजराई (देवस्थानांच्या) खात्याच्या ३० हजार रुपयांच्या अनुदानाचा अर्ज विसरू नका. कर्नाटकचे रहिवासी असल्याचा पुरावा जोडायचा आहे; सीमालढ्याच्या मोर्चातले तुमचे फोटो तेवढा दिवस फेसबुकवरून लपवा. यात्रा झाल्याचा पुरावा मागितला, तर चौकातल्या फ्लेक्सचा फोटो जोडून बघा.