३०२चं अर्थिंग

काल लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलाच्या कानात म्हणाल्या, "हेच ते. कॉम्प्युटरवाले." मुलाने सगळ्या लिफ्टला ऐकू जाईल असं विचारलं, "३५० रुपयेवाले?" बाई म्हणाल्या, "हळू बोल." एरवी आमची लिफ्ट तिसऱ्यावरून तळाला पटकन येते. काल तिची मुक्कामाची एसटी झाली होती.

त्या ३५० रुपयांची हकिकत सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, अर्थिंगचा आणि माझ्या कॉम्प्युटर न चालण्याचा काडीइतकाही संबंध नव्हता. हे मी सोसायटीत कुणालाही सांगू शकत नाही. का, ते येईलच पुढे.

जुना कॉम्प्युटर ११ वर्षं सेवा करून वारला. चिरंजीव म्हणाले, विकतचा नको, असेंबल करू. मग एका शनिवारी डोंबिवलीहून निघून लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हे बहुधा पाटीला आणि पोस्टमनलाच माहीत असावं. रॅमचे भाव ऐकून मी दुकानदाराला दोनदा विचारलं की हा दर ग्रॅमचा आहे का. येताना काचेचा कॅबिनेट मांडीवर घेऊन लगेजच्या डब्यात बसलो. समोर कोथिंबिरीच्या गोणीवर बसलेल्या मावशींनी बराच वेळ बघून विचारलं, "देव्हारा का?" मी नाही म्हणालो. पण रात्री सगळं जोडून बटण दाबलं आणि आतले पंखे निळे-जांभळे उजळले, तेव्हा आमच्या आईने खरोखरच हात जोडले. मावशींची नजर पक्की होती.

तर मशीन जुळलं, पडद्यावर अक्षरं आली. आता राहिली ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडे ती 'टाकतात', आणि त्याआधी फॉरमॅट 'मारतात'. नाक्यावरचा मुलगा ५०० रुपयांत दोन्ही करतो. मी म्हणालो, एवढं सगळं स्वतः केलं, आता ५०० कशाला घालवायचे? हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिला तास पेन ड्राइव्हने खाल्ला. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, अख्खा रिकामा. त्यावर घ्यायची सिस्टीमची फाइल ५ जीबीची. आणि मशीन म्हणतं, मावत नाही. रिकाम्या गाडीच्या दारात उभं राहून 'आत जागा नाय' म्हणणारे लोक आठवले. कारण असं की पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि ही १९९६ सालची पद्धत ४ जीबीहून मोठी एक फाइल घेतच नाही. दहा छोट्या चालतील, एक मोठी नाही. शेवटी रूफस नावाच्या फुकटच्या छोट्या प्रोग्रामने तो पेन ड्राइव्ह नीट बनवून दिला.

रविवारी सकाळी इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टीम टाकणारा प्रोग्राम, सुरू झाला. भाषा विचारली, अटी मान्य करून घेतल्या (मी घराचा ताबाही लिहून दिला असेल, वाचतंय कोण), आणि मग पाटी आली: एकही ड्राइव्ह सापडली नाही, ड्रायव्हर लोड करा. (ड्रायव्हर म्हणजे मशीनच्या एखाद्या भागाची सिस्टीमशी ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम.)

सापडली नाही? २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी डिस्क, मी स्वतःच्या हाताने बसवली होती. तिचा तो जिऱ्याएवढा स्क्रू सतरंजीत पडला तेव्हा आम्ही चौघं मोबाइलचे टॉर्च लावून पालथे पडलो होतो. तिला सापडली नाही म्हणतात? काढली, पुसली, पुन्हा बसवली. नाही. मदरबोर्डवरची ती रुपयाच्या नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी काढू का, असा विचार आला, तेवढ्यात स्क्रू ड्रायव्हर कोचखाली गेला. आई पडद्यावरची पाटी वाचून म्हणाली, "ड्रायव्हर मागतंय ते. देऊन टाक की." आणि कोचखालचा काढून दिला.

साधारण अकरा वाजता दाराची बेल वाजली. पाण्याची टाकी धुण्याच्या नोटिशीवर सही घ्यायला पहिल्या मजल्यावरचे काका आले होते.

काका वीज मंडळातून निवृत्त झाले. लोकांच्या खिशाला पेन असतं, त्यांच्या खिशाला टेस्टर असतो. जगातल्या सर्व दुःखांचं मूळ अर्थिंगमध्ये आहे, असा त्यांचा सिद्धांत आहे. कुणाचा फ्रिज बिघडला, अर्थिंग. वाय-फाय हळू, अर्थिंग. मागच्या वार्षिक सभेत माइक कुईं करून किंचाळला आणि त्यानंतर भांडणं झाली, तर काकांनी भांडणंसुद्धा त्याच खात्यावर टाकली.

त्यांनी नोटीस टीपॉयवर ठेवली, चप्पल काढली, सतरंजीवर मांडी घातली आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर बोटाची मागची बाजू अलगद फिरवली, ताप बघतात तशी.

"हात लाव," म्हणाले.

"काका, प्रॉब्लेम वेगळा आहे. डिस्क दिसत नाहीये."

"अरे, हात तर लाव."

लावला.

"काय होतंय?"

"काही नाही... जरा झिणझिण्या आल्यासारखं."

काका हसले. डॉक्टरला गाठ सापडल्यावर तो हसत नाही, काका हसले. "झिणझिण्या नाहीत त्या. शंभरच्या वर व्होल्ट आहेत." टेस्टर निघाला, पत्र्याला टेकला, आणि आतला तो बारका नारिंगी दिवा खरंच पेटला. सगळं घर जमा झालं.

"पण काका, डिस्क..."

"डिस्क कशी दिसेल? ती घाबरलीय."

मी आवंढा गिळला. बायको मात्र गंभीरपणे मान हलवत होती. काकांनी चिरंजीवांना खाली पिटाळून मल्टिमीटर मागवला आणि भिंतीतल्या पॉइंटमध्ये कांड्या घातल्या. "लिहून घे," म्हणाले. चिरंजीवांनी दहावीच्या वहीत लिहून घेतलं. फेज-न्यूट्रल २३२. फेज-अर्थ १४०. न्यूट्रल-अर्थ ३८.

"न्यूट्रल-अर्थ किती पाहिजे?" काकांनी मला विचारलं.

"कमी?"

"दोन! फार तर तीन! अडतीस म्हणजे तुमच्या घराला अर्थिंग नाहीच. तिसरी वायर आहे, ती नुसती शोभेची. आणि तू यात हजारोंचा माल लावलास?"

"काका, पण मशीन चालू होतंय. फक्त इन्स्टॉलरला..."

"माणूस चालतो, बोलतो, आणि एक दिवस..." काकांनी बोटं उघडून दाखवली. आईने देवघराकडे पाहिलं.

इथे खरा सल सांगतो. काका बरोबर होते. मी नंतर शोधलं. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला दोन छोटे कपॅसिटर लावलेले असतात, विजेतला कचरा जमिनीत सोडायला. जमिनीची वायर तुटकी असेल तर पत्रा त्या दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालता येतो. पण भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

"मीठ आहे का घरात?" काकांनी विचारलं.

अर्थिंगचा खड्डा मीटर रूमच्या मागे, कढीपत्त्याच्या झाडाखाली आहे. जुन्या पद्धतीत तिथे पट्टी किंवा पाइप पुरून भोवती मीठ आणि कोळसा भरतात, ओल टिकावी म्हणून. आमच्या खड्ड्याला बिल्डर गेल्यापासून कुणी पाणी दाखवलं नव्हतं. वर एक बेवारस स्कूटर होती. वॉचमन आणि चिरंजीवांनी स्कूटर सरकवली. मला ५ किलो खडे मीठ आणायला पाठवलं. वाणी म्हणाला, "यंदा लोणचं जोरात दिसतंय." मी हो म्हणालो. रविवारी साडेअकराला कॉम्प्युटरसाठी मीठ नेतोय, हे सांगायची माझी तयारी नव्हती.

सगळे खाली बादल्या ओतत असताना मी एकटा वर आलो. खरं तर नाक्यावरच्या मुलाला फोन लावायला. फोन उचलला नाही. म्हणून उगाच डिलीट बटण दाबून मशीनच्या सेटअपमध्ये शिरलो आणि एकेक पान उलटत गेलो. आणि एका ओळीवर येऊन पोटात खड्डा पडला.

व्हीएमडी कंट्रोलर: एनेबल्ड.

ही ओळ माझ्या ओळखीची होती. शनिवारी रात्री साडेबाराला मी याच पानावर होतो. तेव्हा तिथे डिसेबल्ड होतं. मला ते बघवलं नाही. नव्याकोऱ्या मशीनमध्ये काही बंद का म्हणून? पैसे सगळ्याचे दिलेत. मी ते चालू केलं. एकदा खुलासाही वाचला होता, शेजारच्या चौकटीतला: 'व्हीएमडी कंट्रोलर एनेबल किंवा डिसेबल करा.' झाला खुलासा! सरकारी खिडकीवर विचारावं, हा फॉर्म कशासाठी, आणि आतून उत्तर यावं, भरण्यासाठी. ही सोय मुळात सर्व्हरवाल्यांची. डझनावारी डिस्क एका कंट्रोलरमागे लावायच्या, चालू मशीनमधून काढता-घालता याव्यात म्हणून. ती चालू केली की एसएसडी त्या कंट्रोलरच्या पडद्याआड जाऊन बसते, आणि ज्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नाही त्याला ती दिसत नाही. हे त्या चौकटीत दोन ओळींत लिहिता आलं असतं. जागा होती. 'सापडली नाही'च्या खाली 'तिकडे एकदा बघा' एवढंही चाललं असतं. पण नाही. मशीन बनवणारे वेगळे, सिस्टीम बनवणारे वेगळे, आणि दोघांच्या मधल्या फटीत सतरंजीवर मी, माझा गेलेला रविवार आणि माझं दुखणारं कंबरडं.

डिसेबल केलं. एफ१० दाबलं. मशीन बंद होऊन परत चालू झालं. इन्स्टॉलर, भाषा, अटी, आणि डिस्क समोर हजर.

९३१ जीबी. घेतली होती १ टीबी. यावर वेगळा लेख होईल. विकणारे हजाराने मोजतात, सिस्टीम १०२४ ने, आणि मधले जीबी आपण सोडून द्यायचे. बायको म्हणाली, भाजीवाल्याने असं केलं असतं तर तू गप्प बसला असतास का?

पण ते नंतर. त्या क्षणी ती माझ्यामागे दारात उभी होती, कधी आली कळलं नाही. तिला पडद्यावर डिस्क दिसली. त्याच वेळी खालून काकांचा आवाज आला, "बघा हो आता!"

मी तोंड उघडायच्या आत ती गॅलरीत पोचली होती. "आली! काका, आली! दिसायला लागली!"

खाली टाळ्या वाजल्या. वॉचमननेही वाजवल्या.

पुढे इन्स्टॉलरने इंटरनेट मागितलं. वाय-फाय चालायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं, आणि 'नंतर बघू' असं बटण कुठेही नाही. शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट दिलं. ही अडचण खाली कळताच निरोप आला, "अजून एक बादली ओततो."

दुपारी तीन वाजता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'बी-३०२ यांचा नवीन कॉम्प्युटर अर्थिंगअभावी बंद होता. खड्ड्यात मीठ-पाणी घालताच त्वरित चालू झाला. सर्व सभासदांनी बोध घ्यावा. नवीन अर्थिंगसाठी प्रत्येकी रु. ३५० जमा करावेत.' खाली १७ अंगठे आणि ६ जोडलेले हात. एकाने फक्त 'कशाला असले उद्योग' लिहून नंतर पुसलं, पण मी वाचलं होतं.

२४ बिऱ्हाडं गुणिले ३५० म्हणजे ८,४००. मी वाचवलेले ५०० त्यातून वजा करा.

परवा काका येऊन गेले. नवा खड्डा झालाय. पत्र्याला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. बोटाची मागची बाजू फिरवली. समाधानाने चहा घेतला. मग कप ठेवता ठेवता म्हणाले, "तुझा मुलगा म्हणत होता, आम्ही खाली असताना तू वर त्या काळ्या स्क्रीनमध्ये काहीतरी करत होतास."

"हो," मी म्हणालो. "घड्याळ लावत होतो."