तुमच्याकडे किती?

हिवाळा लागला की माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं सोडून पारा विचारू लागतात. ‘तुमच्याकडे किती?’ आपण भाबडेपणाने ‘नऊ’ म्हणावं, की पलीकडून लगेच ‘हॅ! ही कसली थंडी? आमच्याकडे सहा!’ तेवढ्यात परदेशी गेलेला तिसरा ‘उणे बारा’ टाकतो आणि सगळे गारद. हा आकडा कोणी, कुठे, किती वाजता आणि कशाने मोजला, हे विचारायची पद्धत नाही. मी विचारतो, म्हणून अशा गप्पांत मला कोणी फारसं घेत नाही.

पहिली भानगड जागेची. वेधशाळेचं तापमान म्हणजे झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, उन्हापासून जपून ठेवलेल्या तापमापकाचा आकडा. ‘गाडीत चार दाखवत होतं’ हा पुरावा त्यापुढे टिकत नाही. गाडीचा सेन्सर बहुधा पुढच्या बंपरच्या मागे असतो. गाडी उभी असली की इंजिनाची आणि रस्त्याची ऊब तो इमानेइतबारे बाहेरच्या हवेच्या नावावर खपवतो. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं धावल्यावर तो थोडा भानावर येतो. फोनमधला आकडा तर पुष्कळदा मोजलेलाच नसतो, तो आसपासच्या पट्ट्यासाठी संगणकाने काढलेला अंदाज असतो.

याच्या उलटही होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दवबिंदू गोठल्याची बातमी येते, आणि त्याच पहाटे वेधशाळा शून्याच्या बरंच वर असते. खोटं कोणीच बोलत नाही. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की गवताचं पातं आपली उष्णता आकाशाकडे फेकून शेजारच्या हवेपेक्षाही गार होतं. त्यात गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत तलावाकाठच्या खोलगट जागेत साचते. म्हणून गवतावर शून्य आणि पेटीत चार-पाच, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. फक्त एकाने गवतावरचा आकडा सांगायचा आणि दुसऱ्याने पेटीतला, याला तुलना म्हणत नाहीत.

दुसरी भानगड किमान तापमानाची. ते साधारण सूर्योदयाच्या आसपास नोंदलं जातं, म्हणजे बढाई मारणारा पांघरुणात घोरत असतो तेव्हा. ज्या थंडीत आपण हजर नव्हतो तिचं श्रेय घेणं मला पटत नाही. तुलना करायचीच तर दोन्ही शहरांची सगळ्यात थंड महिन्याची सरासरी घ्या, तीही एकाच ३० वर्षांची; सध्या १९९१ ते २०२० चालते. दक्षिण गोलार्धातल्या शहरासाठी जुलै घ्यायला विसरू नका, नाहीतर मेलबर्न उगाचच हरतं.

याहून चांगला हिशेब दिवस-अंशांचा. १८ अंश हा पाया धरा. दिवसाची सरासरी १८च्या जितकी खाली, तितके त्या दिवसाचे गुण. एका शहरात ९० दिवस सरासरी १० अंश: रोजचे ८, एकूण ७२०. दुसऱ्यात १० दिवस उणे १० आणि ८० दिवस १५: २८० अधिक २४०, म्हणजे ५२०. उणे दहाचे फोटो दुसऱ्या शहराचे फिरतात, पण हिवाळाभर काकडतो तो पहिल्या शहरातला माणूस. त्याच्याकडे दाखवायला बर्फ नसतो, एवढाच त्याचा गुन्हा.

नकाशा पाहून निकाल लावणाऱ्यांनी मंगोलियाची राजधानी उलान बातोर पाहावं. ते लंडन आणि पॅरिस दोघांच्याही दक्षिणेला आहे, आणि जानेवारीची सरासरी उणे वीसच्या आसपास. लंडनची त्याच महिन्यात शून्याच्या वर पाचेक अंश. उलान बातोर समुद्रापासून कोसो दूर आणि तेराशे मीटर उंचीवर. लंडनला अटलांटिकवरची उबदार हवा पोचते. सॅन फ्रान्सिस्कोत नेमकं उलटं. किनाऱ्यालगतचं पाणी गार, त्यावरून धुकं आत येतं, आणि कॅलिफोर्निया म्हणून अर्ध्या चड्डीत उतरलेला पर्यटक ऐन जुलैत स्वेटर शोधत फिरतो.

अमेरिकेतला आकडा घेताना आधी एकक विचारा. तिथले ‘वीस’ फॅरनहाइट म्हणजे आपले उणे सात सेल्सिअस. उणे चाळीसला मात्र दोन्ही मोजपट्ट्या एक होतात, तिथे भांडण आपोआप मिटतं.

मुंबईकराने १४ अंशांना मफलर काढला की सगळे हसतात. पण हवामान खात्याचा नियम त्याच्या बाजूने आहे. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० किंवा त्याखाली लागतं, किनाऱ्यावर १५ पुरतात. दोन्हीकडे ते साधारणपणे नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलेलं हवं. म्हणजे मफलर सरकारमान्य असू शकतो.

आता वारा. २००१ साली अमेरिका आणि कॅनडाने वाऱ्याच्या थंडीचं, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जास्त जाणवते त्याचं, नवं सूत्र स्वीकारलं. त्यासाठी टोरांटोत स्वयंसेवकांना वाऱ्याच्या बोगद्यात, ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्याची उष्णता कशी जाते ते मोजलं होतं. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असला की ते उणे २० लागतं. पण हे उघड्या कातडीपुरतं. हवा २ अंश आणि वारा ताशी ४० असेल तर सूत्र उणे ५ सांगतं, तरी बादलीतलं पाणी त्या वाऱ्याने गोठत नाही. बादलीला ‘जाणवत’ नाही. ‘जाणवणारं’ तापमान ‘खरं’ म्हणून खपवणारे इथे पकडले जातात.

आणि सगळ्यात मोठी लबाडी घराच्या भिंतीची. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरोघर सार्वजनिक हीटिंग चालू असतं. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी ही चीनची उत्तर-दक्षिण वाटणी करणारी रेषा; तिच्या दक्षिणेच्या शांघायला ती सोय परंपरेने मिळालीच नाही. बाहेर बीजिंग गार, पण कोट घालून जेवायची पाळी शांघायवाल्यावर येते. सायबेरियातल्या याकुत्स्कचा माणूस उणे चाळिसातून घरात शिरतो तो बनियनवर बसायला. दिल्लीचा माणूस सातमधून घरात शिरतो आणि आत तेरा-चौदा असतात.

म्हणून मी ‘घरात किती?’ एवढंच विचारतो. तापमापक आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, ऊन, खिडकी आणि फ्रिजपासून लांब. अर्धा तास तसाच ठेवून मग वाचायचा. परदेशातला लगेच बावीस सांगून टाकतो, आणि चूक लक्षात आली की म्हणतो, ‘पण आमच्याकडे वारा फार!’

त्याला वेग विचारा. ताशी किलोमीटरमध्ये, दहा मीटर उंचीवरचा.